खुरपलेलं कुरण

पावसानं यंदाही मधेच अंग काढून घेतलं. मृगात वाजतगाजत आला, आर्द्रात टिकला, पुढं नुसताच शिंतडला आणि त्यानंतर जो गेला तो गेलाच. आता मघा चालू आहेत. मघांवर आपल्याकडं एक म्हण आहे. तिचा पहिला अर्धा भाग चारचौघांत लिहिण्यासारखा नाही, पण दुसरा अर्धा आज आख्ख्या गावाला लागू पडतोय : न पडतील मघा, तर वरती बघा. बघतोय बाबा, मान मोडेस्तोवर बघतोय. दुपारी खुलताबादच्या डोंगरावर ढग येतात, पांढरेशुभ्र, इस्त्रीचे कपडे घालून लग्नाला निघाल्यासारखे, आणि आमच्यावर नुसती सावली टाकून पुढल्या गावाला जातात. खाली मका पानांच्या सुरळ्या करून उभी आहे.

अशा दिवसांत तापलेल्या मुरमाचा एक वास सुटतो. भाजलेल्या खापराचा, थोडा राखेचा. तो नाकात गेला की मला दुसरं काही सुचत नाही. कवडी आठवते.

कवडी म्हणजे माझी गाय. घरातली बाकीची जनावरं घराची होती, ही माझी होती, कारण ती कालवड असताना माझ्या वडिलांनी मला दिली होती. आई गावठी, बाप इंजेक्शनमधला, विलायती होस्टन जातीचा. त्यामुळं डोळे आईचे आणि भूक बापाची. अंगावर काळे-पांढरे ठिपके असे की लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणी चुना उडवलाय. स्वभाव म्हणाल तर माझ्यासारखाच. चांगलं बोललं तर चांगली, नाहीतर बादलीला लाथ.

चार-पाच वर्षांमागची गोष्ट. त्या साली उन्हाळ्यातच ह्यांनी विषय काढला होता. ह्यांची वाळूजला कंपनीत नोकरी, घरी येतात ते पाळी बदलल्यावर. आले, कडब्याच्या गंजीकडं बघितलं आणि म्हणाले, "औंदा एवढी जनावरं पुरायची नाहीत. कवडीला कन्नडच्या बाजारात नेऊ." ती तेव्हा नुकतीच व्यायलेली. पोटाशी काजळी, एवढीशी, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी कालवड. मी म्हटलं, मला दिवाळीपर्यंत मुदत द्या. तोवर मी हिला विकतचा चारा न आणता, दूध न आटवता सांभाळून दाखवते. नाही जमलं तर खुशाल न्या. हे हसले. माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण मुदत मिळाली.

माझा भरवसा होता तो एका माळावर. डोंगराकडं आमच्या वाट्याला एक रान आलंय. त्याला रान म्हणायचं ते सातबाऱ्यावर लिहिलंय म्हणून. वीतभर मुरूम, खाली खडक. नांगर घातला तर ठिणग्या उडतील. पाऊस असला की तिथं पवना आणि कुसळी गवत माजतं, पाऊस थांबला की आठवड्यात त्याची काडी होते, आणि मग नुसती कुसळं साडीला चिकटून घरी येतात. रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात एक बाई सांगत होत्या की अशा कुरणात गवताच्या जोडीला खोल मुळीचे वेल आणि झुडपं लावा. वरचं गवत वाळलं तरी ते खालून पाणी ओढतात आणि दुभत्या गायीच्या तोंडी हिरवं राहतं. त्यांनी नावं सांगितली त्यात गोकर्ण होती. मी चुलीपाशी बसल्या बसल्या हसले. गोकर्ण! माझ्या माहेरच्या कुंपणावर ती निळी फुलं कुणी न विचारता फुलायची. उन्हाळाभर त्या वेलाला तांब्याभर पाणी कुणी घातल्याचं मला आठवत नाही. दरवर्षी देवापुढं ठेवतो ते फूल गायीनं खायचं असतं हे मला चाळिशीत कळलं.

मग माहेरून शेंगा आणल्या. कृषी प्रदर्शनातून स्टायलो नावाच्या बारक्या पिवळ्या फुलाच्या झुडपाचं बी आणलं. गोकर्णीचं बी कठीण कवचाचं, ते गरम पाण्यात भिजवून घेतलं. मृगाच्या आधी ओळी मारल्या, गवताच्या मधून मधून. रानमटकी आणि घोळ तिथं आपसूक यायची, ती फक्त उपटायची नाही एवढंच ठरवलं. हे बांधावर उभे राहून म्हणाले, "जनावरासाठी फुलं पेरायलीस व्हय? आता तिला गजरा बी करून घाल." मी गावात कुणाला काही बोलले नाही. नवऱ्यानं एवढी टिंगल केली, गाव तर काय, ढोल वाजवेल.

आणि माय, उगवलं ना ते! आषाढात त्या खडकावर हिरव्या सुतळ्या सुटल्या. मी कवडीला मोकळी सोडत नसे. मधोमध खुंट ठोकायचा, दावं लांब ठेवायचं आणि तिला पुरेल एवढा गोल चारायचा; दुसऱ्या दिवशी खुंट पुढं. म्हणजे खाल्लेल्या वेलाला पुन्हा फुटायला सवड मिळते. सकाळी मी तिच्याजवळच दगडावर बसायची. गाय चरते तो आवाज ज्यांनी जवळून ऐकला नाही त्यांना सांगून कळायचा नाही. जिभेनं वेल गोळा करते, गुंडाळते, आणि एक ओढ. टर्र. मग दमानं चावणं. एखादं निळं फूल ओठाच्या कडेला अडकून राहायचं आणि मला हसू फुटायचं. गजरा नाही, पण तेवढं तर तेवढं.

दूध नेणारे शकूरभाई खुलताबादचे. मोटारसायकलला कॅन बांधून यायचे, दर्ग्याकडच्या हॉटेलांना दूध घालायचे. त्यांनी एक दिवस कॅनचं झाकण लावता लावता विचारलं, "भाभी, क्या खिलारे तुम गाय को? चायवाला बोलतंय, मलई लई जमरी." मी म्हटलं, काही नाही, माळावरचं आपलं असंच. ते म्हणाले, "असंच अच्छा है. असंच खिलाव." कुणी मला सोन्याचं कडं दिलं असतं तरी त्या दिवशी एवढं बरं वाटलं नसतं.

आता सगुणाआक्काबद्दल सांगते. आक्का आमच्या गल्लीत समोरच राहते. माझ्याहून वयानं मोठी, हातानं त्याहून मोठी. खुरपं घेऊन ओळीला बसली की मागच्या बायकांना धाप लागते. आमच्याकडं सावड चालते. म्हणजे आज आम्ही सगळ्या मिळून तुझ्या रानात खुरपायचं, उद्या तू आमच्या रानात यायचं. मजुरी नाही, फक्त पाळी फेडायची. ज्याची पाळी अंगावर राहिली त्याला झोप येत नाही, आणि आक्काला तर मुळीच नाही. त्या आषाढात मी तिच्या कपाशीत राबले होते. ती पाळी तिच्या अंगावर राहिली होती.

श्रावणात आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन निघालं म्हणून मी शहरात भावाकडं गेले. तेवढे दिवस ह्यांनी घरून रात्रपाळी केली; सकाळी कवडीला चारून आणायची आणि मग दिवसभर झोपायचं. क्रांती चौकाच्या मागच्या गल्लीत त्याचं घर, तिसऱ्या मजल्यावर. तिथंही पावसाचीच वाट, पण वेगळी. नळाला पाणी येण्याचा दिवस म्हणजे सणाचा दिवस. बादल्या, पातेली, डबे, कूकरचं भांडंसुद्धा भरून ठेवायचं. भावजय पिशवी कापून पातेल्यात दूध ओतायची. मी तोंडाला लावलं आणि पेला खाली ठेवला, पाहुणीनं काय बोलावं. गच्चीवर गेलं की देवगिरीच्या बाजूला आभाळ कोरडं ठणठणीत दिसायचं. हे फोनवर म्हणाले, "थेंब नाही. मका कोमायली." मी हो हो म्हटलं, पण खरं सांगू? पावसाचा खंड पडला आणि मी घाबरले नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं होतं. माझ्या डोळ्यांपुढं माळ होता. गवत वाळलं असेल, पण वेल हिरवे असतील. ह्याच दिवसांसाठी तर ते लावले होते. आईच्या डोळ्यात थेंब घालता घालता मी मनात खुंट पुढं सरकवत होते.

परत आले ती दुपारची एसटी. पिशवी घरात टाकली आणि तशीच माळावर गेले.

बांधावर सगुणाआक्का उभी होती, आणि तिच्या मागं सावडीच्या सगळ्या बायका, पदर खोचलेल्या, कपाळावरून घाम निथळतोय. मला बघून आक्काचं तोंड असं फुललं की काय सांगू.

"आली का गं सुमन! बघ तुहं रान. आरशावानी केलं!"

खरंच आरशासारखं केलं होतं. एक पान नव्हतं. गोकर्ण नाही, स्टायलो नाही, रानमटकी नाही. फक्त गवताचे वाळके ठोंब उभे होते, आणि मधली माती उकरून, भुसभुशीत करून, ढेकळं फोडून ठेवलेली.

"गवताला हात लावला नाय," आक्का सांगत होती, "म्हनलं गायीला लागंल. पन बाकी काय तण माजलं होतं गं! येल ते येल, नुसता गुंता. आन मुळ्या किती खोल, माय! हात सोलले. तू तिकडं दवाखान्यात, मानूस एकटं, म्हनलं आपली पाळी हाय, फेडून टाकावं. तू येस्तोवर रान साफ पायजे."

दुसरी एक जण पुढं झाली. तिनं पदरात काहीतरी धरलं होतं. घोळ. माझ्या रानातली घोळ तिनं तेवढी बाजूला काढून ठेवली होती. "तुह्यासाठी ठिवली," ती म्हणाली. "पातळ भाजी कर. आईचा डोळा बरा हाय का?"

मला हसावं का रडावं कळेना. तोंड उघडलं असतं तर शिवीच बाहेर पडली असती. मी फटकळ बाई आहे, गावाला माहीत आहे. पण त्यांच्या हातांकडं बघितलं. खुरप्याच्या मुठीनं तळवे लाल झालेले, आक्काच्या बोटाला चिंधी बांधलेली. ज्या रानात तण ते रान आळशाचं, आणि माझ्या माघारी मला कुणी आळशी म्हणू नये म्हणून ह्या बाया कोरड्या मुरमात दिवसभर बसल्या होत्या. मी म्हटलं, "लई चांगलं केलं आक्का. चला, चहा टाकते." आणि चहा टाकला. आलं ठेचताना डोळ्याला पदर लावला; म्हटलं, धूर झाला.

खुरपलेलं तण कुणी टाकून देत नाही. ज्या बाया खुरपतात त्या ते भाऱ्यानं घरी नेतात, हा आपला रिवाजच. माझे वेल त्या दिवशी डोक्यांवरून गल्लीत गेले आणि घरोघरी गव्हाणीत पडले. चार दिवसांनी आक्का दारात बसून कौतुकानं म्हणाली, "तुह्या रानातल्या तणात काय होतं गं? माही म्हैस अशी पान्हावली, बादली भरून!" मी म्हटलं, असेल काहीतरी. त्यावर ती म्हणाली, पुढच्या साली पण आधी तुझंच रान खुरपू. मी भाकरी थापत राहिले.

पुढं जे व्हायचं तेच झालं. ऊन असं पडलं की गवताच्या ठोंबांची कुसळं झाली. कवडीला मी खुंटाला बांधायची आणि ती दावं ताणून उभी राहायची, पुढल्या गोलाकडं तोंड करून. पुढल्या गोलातही काही नव्हतं. जिभेनं माती हुंगायची आणि माझ्याकडं बघायची. जनावर बोलत नाही म्हणतात, ते खोटं आहे. दूध उतरत उतरत काजळीपुरतं राहिलं. शकूरभाई कॅनमध्ये बघायचे आणि झाकण लावायचे. कडब्याच्या गंजीला तळ दिसला.

दिवाळीची मुदत मीच मागितली होती, पण दिवाळीपर्यंत थांबणं म्हणजे दोघींना उपाशी ठेवणं होतं. ह्यांनी ह्यावेळी टिंगल केली नाही. टिंगल केली असती तर भांडता तरी आलं असतं. म्हणाले, "दोघींतली एक ठिवता येती. तू सांग." पोर ठेवली. सकाळी टेम्पो आला. कवडी फळीवर चढेना. चौघांनी ढकलली तरी चढेना, मग मी पुढं होऊन नुसती हाक मारली आणि ती माझ्यामागं चढली. टेम्पो कन्नडच्या रस्त्याला लागला, वळणावरून दिसेनासा झाला, आणि काजळी इकडं दाव्याला हिसके देऊन ओरडत होती. आक्का आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाली, "पावसानं घात केला बघ." मी म्हटलं, "व्हय आक्का, पावसानंच."

परतीचा पाऊस हस्तात आला. बेशरमासारखा आला, रोज आला. आणि एक दिवस कुसळं उपटायला म्हणून माळावर गेले तर मुरमातून बारीक बारीक हिरवे कोंब. खुरपं कितीही खोल गेलं तरी काही मुळ्या त्याच्याहून खोल होत्या. दिवाळीला माळावर गोकर्ण फुलली होती, इतकी निळी की डोळ्यांना त्रास व्हावा. मी एकही फूल तोडलं नाही. देवापुढं त्या वर्षी झेंडूच ठेवला.

त्यानंतर मी त्या माळावर कुणाला खुरपायला बसू दिलं नाही. सावडीची पाळी माझ्याकडं आली की कपाशीत लावायची, तुरीत लावायची, माळाचं नाव काढायचं नाही. बाया म्हणत, सुमनचा माळ म्हणजे तणाचं आगर. म्हणू दे. तण कशाला म्हणायचं, हे आपण ठरवायचं असतं की आपल्याआधी कुणीतरी ठरवून ठेवलेलं असतं, ह्याचा मी बराच विचार केला आहे. पाटीवरचं अक्षर पुसावं तसं आमच्या बायांचा हात हिरवं पुसतो, आणि त्यात त्यांची चूक ती काय? आयुष्यभर दुसऱ्याच्या पिकात बसून त्या हेच शिकल्यात की ओळीत आहे ते ठेवायचं, ओळीबाहेरचं उपटायचं. पण खरं कारण सांगितलं असतं तर आक्काला रात्री झोप लागली नसती. म्हणून मी गप्प बसले. गप्प बसायची सवय मला नाही, तेव्हा ते सोपं नव्हतं एवढंच सांगते.

काजळी आता चांगली थोराड गाय झालीय. डोळे तेच, ठिपके आईचे. यंदा तिचं दुसरं वेत. आणि यंदा खंडही तसाच पडलाय, मका सुरळी, आभाळ कोरडं, मुरमाचा तोच वास. माळ मात्र हिरवा आहे. भरघोस नाही, पण वेल तगून आहेत. मी रोज खुंट सरकवते. परवा मोजमाप केलं, अजून चरायचे गोल किती उरलेत ते बघितलं. फुटवा येईपर्यंत जेमतेम पुरेल. ह्यांनी फोनवर विचारलं, "मघा संपेस्तोवर बघायचं का? का आधीच बाजार गाठायचा?" मी म्हटलं, बघू. ते म्हणाले, "तू म्हनशील तसं." हे असं म्हणायला लागलेत म्हणजे त्यांनाही भीती वाटतेय.

काल सकाळी मी माळावर बसले होते. बांधावरून सगुणाआक्का आली. आता ती थकलीय, चालताना एका अंगावर झुकते. हातात खुरपं, कमरेला दोरी. बसली. इकडचं तिकडचं बोलली. मग वेलांकडं न बघता म्हणाली, "लई तण माजलं गं तुह्या रानात. मी रिकामीच हाय. खुरपून देऊ का? पाळी नको मला."

कोरड्या रानात खुरपणी कोण काढतं? गावात एका शेतात खुरपं चालू नाही. ओल नाही तर उपटायचं काय? त्या साली बसली ती पाळी फेडायला, आज तर पाळीच नको म्हणत होती. मी तिच्या कमरेच्या दोरीकडं बघितलं. भारा बांधायची दोरी. आदल्या संध्याकाळी तिच्या गोठ्यावरून येताना म्हैस दिसली होती. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी. आक्काचं रान आजही आरशासारखं आहे, बांधसुद्धा तासलेला, आणि त्या आरशात म्हशीला खायला काडी नाही. सगळं आयुष्य जिनं दुसऱ्याची पाळी अंगावर ठेवली नाही, ती पेंढी दे म्हणून कुणाच्या दारात जाणार? ती खुरपं घेऊन आली होती.

काजळी दाव्याच्या टोकाला उभी राहून आमच्याकडं बघत होती. मी गोलांकडं बघितलं. दोन जनावरांना हे पुरायचं नाही. मघा नाही पडल्या तर एकीलाही पुरायचं नाही. नाही म्हणायला एवढंसं तोंड उघडायचं होतं. त्या साली उघडलं नाही ते आज उघडायचं?

"आक्का," मी म्हटलं, "खुरपं राहू द्या. घरून इळा घेऊन या."

"इळा?"

"मुळी उपटायची नाही. हातभर वरून कापायचं. परत फुटतं ते." आणि मग ते तोंडातून निघूनच गेलं. "पेरलेलं हाय आक्का. गायीसाठी पेरलंय."

आक्का वेलांकडं बघत राहिली. पहिल्यांदा ओळी दिसल्या तिला, मला ते कळलं. तिची नजर एका ओळीवरून सरळ शेवटापर्यंत गेली, मग दुसऱ्या. मग काजळीवर आली, तिच्या ठिपक्यांवर. उठली, गेली आणि विळा घेऊन आली. वाकून कापू लागली, प्रत्येक वेल हातभर वरून, इतक्या जपून की जसं काही लेकराचे केस कापतेय. मधेच हात थांबला.

"सुमन, त्या साली आमी..."

"भारा बांधा आक्का. ऊन व्हायलंय."

तिनं भारा बांधला. भारा डोक्यावर घ्यायला दुसरं माणूस लागतंच, म्हणून मी हात लावला. उचलला तर तो हलका होता. इतक्या वर्षांत सगुणाआक्कानं एवढा हलका भारा कधी बांधला नव्हता.